द ला'ज : एकुलता एक अल्बम आणि तो नाकारणारा त्याचा कर्ता

मंद्रसप्तक

लिव्हरपूलच्या द ला'ज या बँडचा आयुष्यात एकच स्टुडिओ अल्बम निघाला. ऑक्टोबर १९९०, गो डिस्क्स कंपनी, अल्बमचं नावही 'द ला'ज'च. १२ गाणी, जेमतेम ३५ मिनिटं. आणि ज्याने ही गाणी लिहिली, गायली, त्या ली मेव्हर्सने अल्बम दुकानात येतो न येतो तोच मुलाखतींमधून सांगायला सुरुवात केली की हे आम्हाला हवं होतं ते नाहीच. बँडमधले बाकीचेही तेच म्हणत होते.

या अल्बमबद्दल जिथे जिथे वाचायला मिळतं तिथे तीच कथा असते. अडून बसलेला विक्षिप्त कलाकार, थकलेली कंपनी, एकामागून एक बदललेले निर्माते. कथा रंगतदार आहे हे मान्य. पण तिच्या गोंगाटात गाणी मागे पडतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. हा धागा गाण्यांसाठी आहे.

तरी थोडी पार्श्वभूमी लागेलच. माइक बॅजरने १९८३ साली बँड सुरू केला, पुढच्या वर्षी मेव्हर्स आला आणि गाण्यांची सूत्रं हळूहळू त्याच्याकडे गेली. १९८६ मध्ये बॅजर बाहेर पडला, त्याच सुमारास बेसवर जॉन पॉवर आला. १९८७ ला गो डिस्क्सशी करार झाला आणि तिथून तीन वर्षं नुसतं ध्वनिमुद्रणच चाललं होतं. जॉन पोर्टर, बॉब अँड्र्यूज, जॉन लेकी, जेरेमी अॅलम, माइक हेजेस, सगळे निर्माते येऊन गेले. शेवटी १९८९ च्या डिसेंबरात लंडनच्या ईडन स्टुडिओत स्टीव्ह लिलीव्हाइटबरोबर काम सुरू झालं, तेही बँडने अर्धवट टाकलं. जे टेपवर होतं त्यातून लिलीव्हाइटने अल्बम बांधला. मेव्हर्सची मुख्य तक्रार हीच की वाट दाखवण्यापुरता गायलेला कच्चा आवाज त्यांनी पक्का म्हणून वापरला.

आता गाण्यांकडे. 'देअर शी गोज' घ्या, कारण ते सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलेलं असतं. कधी कागदावर मांडून बघा. या गाण्याला अंतराच नाही! एकच ध्रुवपद चार वेळा येतं आणि मध्ये एक छोटासा वेगळा तुकडा. संपलं. पावणेतीन मिनिटांच्या आत. सुरुवातीला गिटारवर जी सुरावट वाजते तीच गाणंभर पाठीशी राहते, आणि मेव्हर्सचा आवाज दर वेळी त्याच शब्दांवर वर चढतो. तेच शब्द, तीच चाल, तरी चौथ्या वेळेला ते पहिल्यासारखं ऐकू येत नाही, कारण मधल्या तुकड्याने कान दुसरीकडे नेऊन परत आणलेले असतात. इतकं कमी सामान घेऊन इतकं पूर्ण गाणं बांधणं ही मोठी कारागिरी आहे.

शेवटचं 'लुकिंग ग्लास' याच्या अगदी उलट. जवळजवळ आठ मिनिटं. साध्या गिटारवर सावकाश सुरू होतं, मग लय वाढत जाते, आवाज वाढत जातो, आणि शेवटी सगळा बँड धावत सुटतो. बाकीच्या गाण्यांनी दोन-अडीच मिनिटांत आटपायची सवय लावलेली असते, त्यामुळे ही लांबी अंगावर येते.

माझं म्हणणं एवढंच : ही गाणी इतकी पक्की आहेत की कुठल्याही निर्मात्याच्या हाती ती बिघडली नसती. तुम्हाला काय वाटतं? आणि तुम्ही कुठलं मुद्रण ऐकता?

---

पेठेतला

मस्त धागा. मी 'देअर शी गोज' पहिल्यांदा ऐकलं ते सिक्सपेन्स नन द रिचर या बँडच्या आवाजात, १९९९ च्या आसपास टीव्हीवर सतत लागायचं. ते त्यांचंच गाणं आहे अशीच समजूत होती आमच्या सगळ्या ग्रुपची. मूळ गाणं नंतर ऐकलं तेव्हा जाणवलं की मुळात एक घाई आहे, धाप लागल्यासारखी. त्या बँडमधल्या बाईंच्या आवाजात ते गोड होतं, मेव्हर्सच्या आवाजात गोडव्याबरोबर कासाविशीही आहे.

---

निशिगंधा

लेख आवडला, पण मूळ मुद्द्यावर असहमत.

कर्ता स्वतः सांगतोय की हे माझं नाही, माझ्या मनातलं वेगळं होतं. आपण मात्र त्याला समजावतो की बाबा, तुला कळत नाही, हे छानच आहे. कच्चा म्हणून गायलेला आवाज परवानगीशिवाय पक्का करणं ही छोटी गोष्ट नाही. मी स्वतः गाते. रियाजाचं रेकॉर्डिंग कोणी उचलून मैफलीचं म्हणून लावलं तर मला ते अजिबात चालणार नाही, ऐकणाऱ्याला कितीही आवडो.

आणि "कुठल्याही निर्मात्याच्या हाती बिघडली नसती" हे फार धाडसी विधान आहे. गाणं म्हणजे फक्त चाल आणि शब्द नव्हेत. ते कसं उमटलं हाही गाण्याचाच भाग.

---

मंद्रसप्तक

निशिगंधाताई, तुमच्या दुसऱ्या मुद्द्यावर विचार करतोय. पहिल्यावर एवढंच म्हणेन की मेव्हर्सच्या नापसंतीचा मान ठेवूनही अल्बम ऐकता येतो. त्याला जे हवं होतं ते आजवर कुणाच्या कानावर पडलेलं नाही. आपल्यासमोर आहे ते हेच, आणि जे आहे त्यात त्याने लिहिलेली चाल, त्याचा गळा, त्याची गिटार आहे. ते सोडून द्यायचं माझ्याच्याने होत नाही.

---

रिळवाला

मी ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात आहे म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

मेव्हर्सला साठच्या दशकासारखा आवाज हवा होता हे सगळे सांगतात. तो कशाने येतो ते कोणी सांगत नाही. तेव्हा टेपवर ट्रॅक, म्हणजे आवाज वेगवेगळे साठवायचे पट्टे, कमी असायचे, चार किंवा आठ. म्हणून सगळे एका खोलीत बसून एकदम वाजवायचे. ड्रमच्या माइकमध्ये गिटार शिरायची, गाणाऱ्याच्या माइकमध्ये ड्रम. याला आम्ही ब्लीड म्हणतो. ते नंतर वेगळं काढता येत नाही, पण त्यामुळेच सगळी वाद्यं एकाच हवेत वाजल्यासारखी वाटतात. वर व्हॉल्व्हची यंत्रं आणि टेप, जी जोरात वाजवलं की आवाजाच्या कडा मऊ करते.

ऐंशीच्या दशकातल्या स्टुडिओची रीत नेमकी उलटी होती. २४ ट्रॅक, प्रत्येक वाद्य स्वतंत्र, ड्रम वेगळ्या कोठडीत, वर डिजिटल घुमारा. गंमत म्हणजे त्या दशकाचा जो धाडकन वाजून एकदम कापला जाणारा ड्रमचा आवाज, तो ज्या मुद्रणातून पुढे आला ते पीटर गॅब्रिएलच्या १९८० च्या अल्बमचं मुद्रण लिलीव्हाइटच्याच हाताखाली झालं होतं. ड्रमवर फिल कॉलिन्स, ध्वनिमुद्रक ह्यू पॅडम. म्हणजे मेव्हर्स ज्या आवाजापासून पळत होता त्याच्या जन्माला हजर असलेला माणूस शेवटी त्याच्या वाट्याला आला. तरीही लिलीव्हाइटने ला'जवर ती युक्ती लादली नाही हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. 'सन ऑफ अ गन' हेडफोनवर ऐका. गिटारच्या तारेवर नख लागल्याचं ऐकू येतं, घुमारा जवळजवळ नाही.

ती धुळीची गोष्टही येईलच कोणाकडून तरी, म्हणून आधीच लिहितो. जुनं मिक्सिंग डेस्क (सगळे आवाज एकत्र जुळवायचं यंत्र) आणून दिलं तर मेव्हर्स म्हणाला यावर साठच्या दशकातली अस्सल धूळ नाही, अशी आख्यायिका आहे. मी तिला फार किंमत देत नाही. पण त्यामागचा कान खोटा नाही. एकाच बनावटीची दोन जुनी डेस्कं सारखी वाजत नाहीत. आतले कपॅसिटर म्हातारे होतात, कुठे दुरुस्ती झालेली असते. रोज वापरातला लोखंडी तवा आणि दुकानातून नवा आणलेला तवा, तसाच फरक. ज्याला तो ऐकू येतो त्याला वेड्यात काढणं सोपं असतं.

माझ्या मते खरी अडचण वेगळीच होती. तेच गाणं तीन वर्षं, सहा ठिकाणी, बदलत्या वादकांबरोबर वाजवत राहिलं की पहिल्या वेळची ऊर्मी जाते. 'देअर शी गोज'वर ड्रम ख्रिस शॅरॉकचे, पुढच्या मुद्रणात ड्रमवर मेव्हर्सचा भाऊ नील. प्रत्येक वेळी नव्याने जुळवून घ्यायचं. मेव्हर्स डेमोतली, म्हणजे सुरुवातीच्या कच्च्या मुद्रणांतली ऊर्मी शोधत होता आणि ती यंत्रात नव्हती.

---

मंद्रसप्तक

रिळवालेसाहेब, हा प्रतिसाद स्वतंत्र लेखाच्या तोडीचा आहे. त्यात एक भर : अल्बमवरचं 'देअर शी गोज' हे मुळात बॉब अँड्र्यूजने १९८८ मध्ये केलेलं मुद्रण आहे, लिलीव्हाइटने ते फक्त नव्याने मिक्स केलं. पहिल्यांदा काढलं तेव्हा ते ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ५९ वर अडकलं होतं, १९९० मध्ये पुन्हा काढलं तेव्हा १३ पर्यंत पोचलं. म्हणजे ज्या एका गाण्यामुळे जग या बँडला ओळखतं ते त्या शेवटच्या, भांडणाच्या सत्रांमधलं नाहीच.

---

टोकदार

लेख चांगला, पण हा अल्बम संपादकांनी पॉवर पॉपच्या विभागात कसा ठेवला? पॉवर पॉप म्हणजे बॅडफिंगर, रास्पबेरीज, बिग स्टार, चीप ट्रिक. गिटारला धार हवी, ड्रम छातीवर यायला हवेत, आणि वर बीटल्ससारखी चाल. ला'जमध्ये ती ताकद कुठे आहे? अर्धा अल्बम साध्या गिटारवर आहे. 'लिबर्टी शिप' तर खलाशांच्या गाण्यासारखं आहे, 'डोलड्रम' सरळसरळ स्किफल, म्हणजे घरगुती वाद्यांवरचं साधं, उडतं संगीत.

एकाच अल्बमचा खराखुरा पॉवर पॉप बँड हवा असेल तर पोर्टलँडचे एक्सप्लोडिंग हार्ट्स घ्या. 'गिटार रोमँटिक', २००३, डर्टनॅप रेकॉर्ड्स. १० गाणी, अर्ध्या तासाच्या आत. 'मॉडर्न किक्स' आणि 'आय अॅम अ प्रिटेंडर' ऐका, मग बोलू. त्याच वर्षी जुलैत सॅन फ्रान्सिस्कोहून परतताना त्यांच्या गाडीला अपघात झाला आणि चौघांपैकी अॅडम कॉक्स, मॅट फिट्झजेराल्ड, जेरेमी गेज हे तिघे गेले. तिघेही विशीच्या आगेमागे. तिथे दुसरा अल्बम न येण्याचं कारण कोणाच्या हट्टात नव्हतं.

---

गिटारकाका

टोकदार, 'गिटार रोमँटिक'बद्दल शंभर टक्के सहमत. थर्ड मॅन या रेकॉर्ड कंपनीने २०२३ ला ते वाढीव गाण्यांसह पुन्हा काढलंय, जरूर घ्या सगळ्यांनी. तो आवाज मुद्दाम भरडा आहे, सगळं एकमेकांवर चढलेलं, आणि त्या चिखलातूनही चाली स्वच्छ ऐकू येतात.

पण ला'जना बाहेर काढू नका. 'पॉवर पॉप' हा शब्द द हू बँडच्या पीट टाउनझेंडने १९६७ मध्ये वापरला तेव्हा त्याच्यासमोर 'पिक्चर्स ऑफ लिली'सारखी गाणी होती. छोटी, चालीवर उभी, गिटारने पुढे ढकललेली. 'टाइमलेस मेलडी', 'आय कान्ट स्लीप', 'फीलिन', 'फेल्युअर' ही चारही त्या मापात बसतात. 'फेल्युअर' तर गॅरेजमध्ये वाजवल्यासारखं खडबडीत आहे. बाकी अर्ध्या अल्बममध्ये बर्ड्स बँडसारखी गिटारची किणकिण आहे हे खरं. पण ती किणकिण बिग स्टारमध्येही आहे की! 'सप्टेंबर गर्ल्स' काय आहे मग?

---

टोकदार

'सप्टेंबर गर्ल्स'चे ड्रम ऐका आणि 'देअर शी गोज'चे ऐका. माझं मत कायम. मात्र 'फेल्युअर' मान्य, आज पुन्हा लावलं होतं.

---

सातासमुद्रापार

मी बरीच वर्षं लिव्हरपूलला मर्सी नदीच्या काठी राहते, म्हणून इथलं सांगते.

मॅथ्यू स्ट्रीटवर पर्यटकांना बीटल्स हवे असतात, त्यामुळे गाणारे तेच गातात. पण रात्री उशिरा इथलेच लोक उरले की हमखास 'देअर शी गोज' सुरू होतं आणि सगळी खोली गायला लागते. शब्द कमी असल्यामुळे कोणी अडखळत नाही. वरचा सूर कोणालाच लागत नाही, तो सगळे मिळून ओढतात. अल्बमचा वाद यांतल्या निम्म्या लोकांना ठाऊकही नसेल.

'डोलड्रम'ला टोकदार यांनी नुसतं स्किफल म्हणून बाजूला सारलं, ते मला खटकलं. ऐंशीच्या दशकातलं लिव्हरपूल म्हणजे बंद पडत चाललेल्या गोद्या आणि सरकारी बेकारभत्त्याच्या रांगा. १९८१ ला इथल्या टॉक्स्टेथ भागात दंगल झाली. माझ्या शेजारचे आजोबा गोदीतून निघाले ते पुन्हा कायमच्या नोकरीवर लागलेच नाहीत. ते सांगतात की त्या काळी तरुण मुलांकडे वेळच वेळ होता, म्हणून गल्लोगल्ली बँड झाले. भत्त्यावर जगणाऱ्या माणसाच्या रिकाम्या दिवसांचं गाणं स्किफलच्या उडत्या ठेक्यावर बांधलंय. त्यात रडगाणं नाही. स्किफल हे गरिबाघरच्या वाद्यांचं संगीत, बीटल्सही क्वॉरीमेन असताना तिथूनच निघाले. मेव्हर्सने तो ठेका उगाच निवडलेला नाही.

---

टोकदार

ताई, हे माहीत नव्हतं. 'डोलड्रम' या अंगाने ऐकतो.

---

चैत्रपालवी

नवखीचा प्रश्न : दुसरा अल्बम का नाही आला? एवढी गाणी लिहिणारा माणूस एकदम थांबला?

---

मंद्रसप्तक

थांबला नाही, निदान लिहायचा तरी. जॉन पॉवर १९९१ च्या अखेरीस बाहेर पडला आणि त्याने कास्ट हा बँड काढला. त्यांचा १९९५ चा 'ऑल चेंज' ब्रिटनमध्ये जोरात चालला. मेव्हर्स मात्र पहिला अल्बम पुन्हा, मनासारखा मुद्रित झाल्याशिवाय पुढे जायचं नाही यावरच अडून राहिला. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर थोडे कार्यक्रम केले, २००५ ला पॉवरला बरोबर घेऊन पुन्हा मंचावर आला, ग्लास्टनबरीच्या संगीत महोत्सवातही वाजवलं. 'फिशिंग नेट', 'ह्यूमन रेस' अशी न छापलेली गाणी कार्यक्रमांच्या चोरट्या टेपांवर फिरतात. आवाज यथातथाच, पण चाली ऐकून जीव हळहळतो. मला तर 'ह्यूमन रेस' पहिल्या अल्बममधल्या कुठल्याही गाण्याच्या बरोबरीचं वाटतं.

नोएल गॅलाघर उघडपणे सांगत आला आहे की ला'जनी सुरू केलेलं काम ओअॅसिस या त्याच्या बँडला पूर्ण करायचं होतं. जे काम पुढच्या दशकात कोट्यवधी लोकांनी डोक्यावर घेतलं त्याचा आराखडा या ३५ मिनिटांत आहे.

---

निशिगंधा

चार दिवस हेच ऐकतेय, म्हणून पुन्हा लिहिते.

२००८ च्या दोन सीडींच्या आवृत्तीत दुसऱ्या सीडीवर माइक हेजेसने केलेलं अख्खं मुद्रण आहे. ज्यांनी ऐकलं नसेल त्यांनी आधी 'टाइमलेस मेलडी' दोन्हीकडे लागोपाठ ऐका. लिलीव्हाइटच्या मुद्रणात गाणं चकचकीत आणि पुढे झुकलेलं आहे, प्रत्येक गिटार आपापल्या जागी. हेजेसच्या मुद्रणात बँड एकत्र बसलाय असं वाटतं, आवाज पोटातून येतो. मेव्हर्सचा गळा तिथे जास्त मोकळा आहे. ओळीच्या शेवटी तो सूर सोडतो तिथे लक्ष द्या. लिलीव्हाइटकडे तो सूर कापल्यासारखा संपतो, हेजेसकडे तो स्वतःहून विरतो. गाणाऱ्याला हा फरक लगेच कळतो आणि तो फार मोठा आहे.

म्हणून माझं म्हणणं तेच आहे, फक्त आता पुराव्यासह : मेव्हर्सची तक्रार कानाची होती. तिला हट्ट म्हणणं अन्यायाचं आहे. मात्र हेही खरं की हेजेसचं मुद्रणही त्याने नाकारलंच होतं.

---

रिळवाला

निशिगंधाताई, बरोबर पकडलंत. हेजेसकडे लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओतलं जुनं इएमआय कंपनीचं डेस्क होतं, त्याचा कान त्याच वळणाचा. पण तुम्ही जो सुराचा शेवट म्हणताय तो डेस्कचा गुण नव्हे. तो गाणाऱ्याच्या त्या दिवसाच्या मनःस्थितीचा भाग असतो. कच्चा आवाज गाताना गायक शेवट सांभाळत नाही, कारण त्याला माहीत असतं की हे नंतर पुन्हा गायचंय. तुमच्या रियाजाच्या उदाहरणाला हे अगदी लागू पडतं.

---

मंद्रसप्तक

हे दोन्ही प्रतिसाद वाचून 'टाइमलेस मेलडी' लागोपाठ ऐकलं. सुराच्या शेवटाचं तुम्ही म्हणता ते अगदी तसंच ऐकू आलं. 'लुकिंग ग्लास'मध्ये मात्र मला लिलीव्हाइटच हवा. शेवटची जी धाव आहे ती त्याच्याइतकी कोणालाच साधली नाही, आणि तिथे आवाज कच्चा असण्याचा फायदाच होतो. सांभाळून गायलं असतं तर ती धाव अशी आली नसती.

---

चैत्रपालवी

सगळ्यांना धन्यवाद. मग सुरुवात कुठून करू? आणि 'देअर शी गोज' गिटारवर बसवायचंय, शिकायला लागून वर्षही झालेलं नाही. जमेल का?

---

गिटारकाका

जमेल. जी, डी, सी एवढ्यावर बहुतेक गाणं निघतं, मधल्या तुकड्यात ई मायनर येतो. कॉर्ड पहिल्या आठवड्यात बसतील. सुरुवातीची सुरावट वेगळी बसवा, ती बोटांना जास्त वेळ मागते कारण थांबायला जागाच नाही. आधी संथ वाजवा, प्रत्येक सूर नीट वाजतोय ना ते बघा, मग वेग वाढवा. गात गात वाजवणार असाल तर तुमच्या गळ्याला झेपेल त्या पट्टीत कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा. मेव्हर्सची पट्टी फार कमी लोकांना झेपते.

ऐकायला सुरुवात १९९० च्या मूळ अल्बमपासूनच, पहिल्या गाण्यापासून, क्रम न बदलता. हेजेसचं मुद्रण नंतर. आणि टोकदार यांचं 'गिटार रोमँटिक'ही यादीत असू द्या, त्यातले कॉर्डसुद्धा तुमच्या आवाक्यातले आहेत.